बोललेला शब्द आणि गायिलेला शब्द : मराठी संगीत नाटकाच्या संदर्भात एक विचार

प्रास्ताविक

माणसाने आपल्या कंठातील ध्वनीचा उपयोग प्रामुख्याने दोन प्रकारांनी केला आहे. एक भाषण आणि दुसरे गायन. दोहोंचे साधन एकच आहे. फुप्फुसांतून येणारी हवा, स्वरतंतूंचे कंपन आणि जीभ, टाळू, ओठ यांच्या हालचाली यांतूनच वाक्यही जन्मते आणि तानही. ध्वनीची उंची, लांबी, जोर आणि पोत हे चारही गुण दोहोंत आढळतात. असे असूनही आई आपल्याशी बोलते आहे की अंगाई गाते आहे, हे तान्ह्या मुलालाही शिकवावे लागत नाही. हा भेद इतका सहज जाणवणारा आणि तितकाच सांगण्यास अवघड आहे.

मराठी समीक्षेला हा प्रश्न टाळता येत नाही, कारण मराठी रंगभूमीने तो आपल्या केंद्रस्थानी आणून ठेवला. संगीत नाटकातील पात्र बोलता बोलता गाऊ लागते आणि गाणे संपताच पुन्हा बोलू लागते. कंठ तोच, पात्र तेच, प्रसंगही तोच. बदलतो तो केवळ ध्वनीचा उपयोग. या स्थित्यंतराविषयी मराठीत दोन मते रूढ आहेत. पदांमुळे नाटक थांबते, कथानकाची गती खुंटते, असा एक आक्षेप आहे. गद्य जेथे अपुरे पडते तेथे पद भावना पुढे नेते, असे त्याचे समर्थन आहे. प्रस्तुत लेखात असे प्रतिपादन करावयाचे आहे की, ही दोन्ही मते गायनाला भाषणाच्याच मापाने मोजतात. भाषणात ध्वनी अर्थासाठी खर्च केला जातो आणि गायनात तो राखला जातो. संगीत नाटकाचे मूल्यमापन या भेदाच्या आधारे केल्यास त्याचे गुण आणि दोष दोन्ही अधिक स्पष्ट होतात.

१. उगमाचा वाद

संगीत आणि भाषण यांच्या तुलनेचा विचार युरोपात एकोणिसाव्या शतकात उगमाच्या अंगाने झाला. हर्बर्ट स्पेन्सर याने १८५७ साली असे मांडले की, भावनेने भारलेल्या बोलण्यात आवाजाचे जे चढउतार होतात तेच वाढत जाऊन संगीत निर्माण झाले. चार्ल्स डार्विन याने १८७१ साली नेमका उलट क्रम सुचविला. त्याच्या मते भाषा येण्यापूर्वीच मानवाचे पूर्वज प्रणयाराधनासाठी सुरेल ध्वनी काढीत असावेत. एकाच्या मते बोलण्याचे गाणे झाले, दुसऱ्याच्या मते गाण्याचे बोलणे झाले.

आदिमानवाचा आवाज कोणत्याही उत्खननात सापडत नसल्याने हा वाद केवळ उगमाच्या आधारे मिटणारा नाही. मात्र त्यातून एक गोष्ट हाती लागते. दोन्ही विचारवंतांना भाषण आणि गायन यांच्यामध्ये एक सलग पट्टा दिसत होता. एका टोकाला व्यवहारातील बोलणे, दुसऱ्या टोकाला शब्दविरहित आलाप आणि मध्ये आरोळी, मंत्रपठण, ओवी, पोवाडा, कीर्तनातील निरूपण अशा असंख्य पायऱ्या. आपल्या परंपरेने या पट्ट्याचा विचार उगमाऐवजी प्रयोगाच्या अंगाने केला. संगीत नाटकाच्या दृष्टीने तोच अधिक उपयुक्त आहे.

२. भरताची दृष्टी : पाठ्यातील स्वर

भरताच्या नाट्यशास्त्रात नटाने संवाद कसा म्हणावा याचे विवेचन करताना सात स्वर, तीन स्थाने, चार वर्ण, काकू, अलंकार आणि अंगे असे पाठ्याचे गुण सांगितले आहेत. येथे सात स्वर गाण्यासाठी सांगितलेले नाहीत, तर बोलण्यासाठी सांगितले आहेत, हे विशेष. हास्य आणि शृंगार यांसाठी मध्यम व पंचम, वीर, रौद्र आणि अद्भुत यांसाठी षड्ज व ऋषभ, करुणासाठी गांधार व निषाद, तर बीभत्स आणि भयानक यांसाठी धैवत अशी योजना भरताने केली आहे. दूरच्या माणसाला हाक मारताना शिरातून, थोड्या अंतरावर असलेल्यासाठी कंठातून आणि शेजारी असलेल्याशी बोलताना उरातून आवाज यावा, असेही तो सांगतो. तात्पर्य, भरताच्या दृष्टीने भाषण ही स्वरहीन क्रिया नाही.

यातील काकू ही संकल्पना विशेष महत्त्वाची आहे. ‘आलास’ हा एकच शब्द आवाजाच्या वळणानुसार स्वागत होतो, प्रश्न होतो, टोमणा होतो किंवा सुटकेचा निःश्वास होतो. शब्द तेच राहून अर्थ पालटविणारा आवाजाचा हा विकार म्हणजे काकू. भरताने वाक्याची अपेक्षा उरते की पुरी होते यावरून साकांक्ष आणि निराकांक्ष असे काकूचे दोन प्रकार केले. पुढे तेराव्या शतकात देवगिरीच्या यादवांच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ या ग्रंथात हीच संज्ञा संगीताच्या विवेचनात वापरली. स्वरकाकू, रागकाकू, अन्यरागकाकू, देशकाकू, क्षेत्रकाकू आणि यंत्रकाकू असे सहा प्रकार तेथे आढळतात. बोलण्याच्या क्षेत्रातील एक संज्ञा गाण्याच्या क्षेत्रात सहज वावरू शकली, यावरून या दोन क्षेत्रांमधील सीमा आपल्या शास्त्रकारांना बंद वाटत नव्हती असे म्हणता येईल.

तथापि सीमा बंद नाही याचा अर्थ ती नाहीच असा होत नाही. भरताच्या पाठ्यात स्वर आहे, पण तो रसाची आणि अर्थाची सेवा करतो. श्रोत्याने तो स्वतंत्रपणे लक्षात ठेवावा अशी अपेक्षा नाही. भेदाचा शोध येथून पुढे घ्यावा लागतो.

३. ध्वनीची उलटसुलट योजना

भाषा ही मोजक्या, परस्परांपासून स्पष्टपणे वेगळ्या असलेल्या वर्णांवर उभी असते. ‘काळ’ आणि ‘गाळ’ यांत क आणि ग यांच्यामधला एखादा अर्धवर्ण मराठी माणूस ऐकत नाही. तो एक तर क ऐकतो किंवा ग. याउलट बोलताना आवाजाची उंची मात्र सतत घसरत, चढत असते. मराठी बोलणारा कोणत्याही एका सुरावर थांबत नाही.

गायनात ही योजना उलटते. तेथे उंचीचे निश्चित टप्पे ठरतात आणि षड्जाच्या संदर्भात प्रत्येक स्वराला स्थान मिळते. वर्ण मात्र सैल होतात. ‘आ’कार कितीही लांबतो, व्यंजन मागे पडते, तानेच्या ओघात शब्द तुटतो. फार उंच पट्टीत गाताना तर निरनिराळ्या स्वरवर्णांमधील भेदही पुसट होत जातो. हिंदुस्थानी संगीतातील मींड आणि आंदोलन हे या नियमाला अपवाद वाटतील, परंतु मींडही कोणत्या तरी स्वरापासून निघून कोणत्या तरी स्वरापर्यंत जाते. तिचा प्रवास कळतो तो दोन्ही टोके निश्चित असल्यामुळेच.

मेंदूच्या अभ्यासानेही या दोन क्रियांचे नाते गुंतागुंतीचे असल्याचे दाखविले आहे. मेंदूच्या डाव्या भागाला इजा होऊन वाचा गेलेले काही रुग्ण जे शब्द बोलू शकत नाहीत तेच शब्द गाऊ शकतात. या निरीक्षणाचा आधार घेऊन १९७३ मध्ये अमेरिकेत सुरावटीच्या साहाय्याने वाचा परत मिळविण्याची एक उपचारपद्धती मांडण्यात आली. दोन्ही क्रिया पूर्णपणे वेगळ्या असत्या तर गाण्यातून बोलण्याकडे जाणारी वाट सापडली नसती. पूर्णपणे एकच असत्या तर बोलणे गेल्यावर गाणे उरले नसते.

या योजनेमुळे भाषणाला जे करता येते ते गायनाला करता येत नाही. वाक्य नकार देऊ शकते, अट घालू शकते, एखाद्या व्यक्तीकडे बोट दाखवू शकते. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘कीचकवध’ या १९०७ मधील गद्य नाटकात प्रेक्षकांनी कीचकाच्या जागी लॉर्ड कर्झन पाहिला आणि १९१० मध्ये सरकारने त्या नाटकावर बंदी घातली. हे सामर्थ्य शब्दांचे आहे. कोणताही राग, शब्दांवाचून, ‘हा कीचक म्हणजे तो अधिकारी’ असे विधान करू शकत नाही. त्याच खाडिलकरांनी १९११ मध्ये ‘मानापमान’ लिहिले आणि गोविंदराव टेंबे यांच्या चालींनी ते गाजले. एकाच नाटककाराने चार वर्षांच्या अंतराने ध्वनीच्या दोन भिन्न शक्ती रंगभूमीवर आणल्या. यांतील एका शक्तीच्या मापाने दुसरीला उणे ठरविणे न्याय्य होणार नाही.

४. पुनरुक्ती : खर्च आणि राखण

बोलण्याचा हेतू पुरा झाला की त्यातील ध्वनी आपण टाकून देतो. काल कोणी काय सांगितले हे आपल्याला आठवते, पण नेमक्या कोणत्या शब्दांत आणि कोणत्या आवाजात सांगितले हे बहुधा आठवत नाही. म्हणूनच व्यवहारात एकच वाक्य पुन्हा पुन्हा ऐकावे लागले तर कंटाळा येतो. गाण्यात मात्र मुखडा पुन्हा येण्याची आपण वाट पाहतो. ध्रुवपद, पालुपद, समेवर परतणे या सर्व योजना पुनरुक्तीवर उभ्या आहेत.

या संदर्भात अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ डायना डॉइच यांचे एक निरीक्षण उद्बोधक आहे. १९९५ मध्ये स्वतःच्याच ध्वनिमुद्रित निवेदनाचे संस्करण करीत असताना त्यातील एक लहानसा शब्दसमूह पुन्हा पुन्हा वाजत राहिला आणि काही वेळाने तो बोलल्यासारखा न वाटता गायिल्यासारखा वाटू लागला. ध्वनीत काहीही बदल झालेला नव्हता; ऐकण्यात झाला होता. पुढे प्रयोगांनीही हे दाखवून दिले. प्रत्येक वाक्याचे असे गाणे होते असे नाही, तरीही निष्कर्ष महत्त्वाचा आहे. अर्थ एकदा हाती आल्यावर कान मोकळा होतो आणि तोवर दुर्लक्षित राहिलेली सुरावट ऐकू लागतो. बोलणे आणि गाणे यांची सीमा अंशतः श्रोत्याच्या ठायी आहे.

संगीत रंगभूमीवरील ‘वन्स मोअर’च्या प्रथेकडे या दृष्टीने पाहिले पाहिजे. कथानकाच्या तर्काने पाहता ही प्रथा हास्यास्पद आहे. नायिकेने आपली व्यथा सांगितली, प्रेक्षकांना ती कळली, मग तीच व्यथा तिने पुन्हा का सांगावी? परंतु प्रेक्षक व्यथेची माहिती मागत नव्हते, तो ध्वनी मागत होते. ८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांनी संयुक्त ‘मानापमान’ केले. नाटक दहा वर्षांचे जुने होते आणि त्यातील पदे रसिकांना पाठ होती. नवे असे कळण्यासारखे काहीही नसताना तो प्रयोग मराठी रंगभूमीच्या इतिहासात अविस्मरणीय ठरला. ज्याचा अर्थ आधीच कळलेला आहे ते ऐकण्यासाठी माणसे पुन्हा जमतात, हा संगीताचा विशेष आहे.

ध्वनिमुद्रणाच्या इतिहासानेही हीच निवड केली. एका बाजूला सुमारे तीन मिनिटे वाजणाऱ्या जुन्या तबकड्यांवर संगीत नाटकांतील जे मुद्रित झाले ते प्रामुख्याने पदांच्या रूपात. त्या नटांचे गद्य बहुतांशी हवेत विरून गेले. ज्या प्रयोगांत बोलणे आणि गाणे एकमेकांत गुंफलेले होते त्यांचे केवळ गाणे आपल्यापर्यंत पोहोचले आहे. संगीत नाटक म्हणजे पदांची माळ हा जो समज दृढ झाला त्यात या निवडीचाही वाटा आहे.

५. संगीत नाटकातील स्थित्यंतरे

विष्णुदास भावे यांनी १८४३ मध्ये सांगलीत ‘सीतास्वयंवर’ सादर केले तेव्हा पदे सूत्रधार गात असे आणि पात्रे त्या अनुषंगाने उत्स्फूर्त भाषणे करीत. भाषण आणि गायन यांना तेथे वेगवेगळे कंठ होते. ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतला’चा पहिला प्रयोग झाला आणि पदे पात्रांच्या मुखी आली. संगीत नाटकाच्या इतिहासात ही घटना नेहमीच नोंदविली जाते, परंतु तिचा आपल्या प्रश्नाशी असलेला संबंध क्वचितच लक्षात घेतला जातो. बोलणारा आणि गाणारा एकच झाल्यामुळे ‘हे पात्र आता का गाते?’ हा प्रश्न प्रथमच निर्माण झाला. भाव्यांच्या नाटकात तो उद्भवतच नव्हता.

किर्लोस्करांनी साकी, दिंडी, कामदा यांसारख्या कीर्तनातून परिचित असलेल्या चाली मोठ्या प्रमाणात वापरल्या. या रचना बोलण्याच्या जवळच्या आहेत. त्यांत शब्द तुटत नाही आणि अर्थ सुरावटीबरोबर पुढे सरकतो. गोविंद बल्लाळ देवलांच्या ‘शारदा’ (१८९९) या नाटकात ही जवळीक अधिक अर्थपूर्ण झाली. म्हाताऱ्या श्रीमंताशी लहान मुलीचे लग्न लावणाऱ्या लोभी बापाविरुद्ध हे नाटक उभे आहे. तेथे मुलीची तक्रार ऐकू येणे ही नाटकाची नैतिक गरज आहे. चाल सोपी ठेवून देवलांनी शब्दाला वाट करून दिली आणि पदाचे रूप देऊन त्या तक्रारीला नाट्यगृहाबाहेर टिकण्याची शक्ती दिली. गद्यातील तक्रार त्या रात्रीपुरती राहिली असती, गायिलेली तक्रार प्रेक्षकाबरोबर घरी गेली.

‘स्वयंवर’ (१९१६) या नाटकात तोल दुसऱ्या बाजूला झुकला. भास्करबुवा बखले यांनी ख्यालाच्या बंदिशींवर आधारित चाली दिल्या आणि खाडिलकरांनी त्या चालींवर शब्द बसविले. ही पदे काव्य म्हणून क्लिष्ट आणि दुर्बोध आहेत, असा आक्षेप वारंवार घेतला गेला. छापील पानावर तो खराही आहे. परंतु छापील पुस्तकात पदाच्या माथ्यावर राग, ताल आणि चाल यांचा निर्देश असतो, त्याचा अर्थ काय? हे शब्द आधीच अस्तित्वात असलेल्या सुरावटीसाठी योजले आहेत, असे तो निर्देश सांगत असतो. त्यांतील दीर्घ ‘आ’कार आणि मृदू वर्ण हे ओळीच्या अर्थाइतकेच, किंबहुना अधिक, आवाजाच्या विस्तारासाठी आहेत. रुक्मिणीच्या भूमिकेत बालगंधर्व एक ओळ निरनिराळ्या वळणांनी पुन्हा पुन्हा आळवीत तेव्हा त्या ओळीतील विधान पहिल्याच आवर्तनात संपलेले असे. पुढे उरत असे ती काकू. एकच गोष्ट किती प्रकारांनी मनात येऊ शकते याचे दर्शन.

याचा अर्थ ‘पदांमुळे नाटक थांबते’ हा आक्षेप निराधार आहे असे नाही. कथानक थांबते हे खरेच आहे. थांबणे हेच गायनाचे कार्य आहे. म्हणून विचारावयाचा प्रश्न असा की, नाटक ज्या ठिकाणी थांबले ते ठिकाण थांबण्यासारखे होते काय? विरहाच्या, स्मरणाच्या किंवा निश्चयाच्या क्षणी काळ थांबविण्यात नाट्यदृष्टी आहे. एखादे पात्र निरोप घेऊन निघालेले असताना, केवळ गायकनटाची वाहवा व्हावी म्हणून त्याने दाराशी उभे राहून अर्धा तास गाणे हा दोष आहे. ‘शारदा’ आणि ‘स्वयंवर’ ही दोन्ही नाटके या कसोटीला निरनिराळ्या रीतीने उतरतात. उत्तरकालीन अनुकरणांपैकी बरीचशी उतरत नाहीत, कारण त्यांनी ‘स्वयंवरा’चा विस्तार घेतला पण थांबण्याचे स्थान निवडले नाही.

६. गाण्याला कारण हवे

१९३३ मध्ये नाट्यमन्वंतर संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ रंगभूमीवर आणले. वास्तवाच्या आग्रहामुळे येथे पदांची संख्या मर्यादित झाली आणि केशवराव भोळे यांनी ती भावगीताच्या वळणाने बांधली. घरात वावरणारी सुशिक्षित पात्रे उगाच गाऊ लागणार नाहीत, ही भूमिका त्यामागे होती. किर्लोस्करांपासून अनुत्तरित राहिलेल्या प्रश्नाला दिलेले हे एक उत्तर होते. पात्राने गावे, पण गाण्याला प्रसंगातून कारण मिळावे.

पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या ‘कट्यार काळजात घुसली’ (१९६७) या नाटकाने याहून वेगळे उत्तर दिले. येथील पात्रे गवई आहेत, घराण्याची विद्या कोणाला मिळावी हाच संघर्ष आहे. त्यामुळे पद सुरू झाले म्हणजे कथानक थांबले असे होत नाही, तेथे गाणे हीच घटना असते. जितेंद्र अभिषेकी यांचे संगीत आणि वसंतराव देशपांडे यांनी उभा केलेला खाँसाहेब यांमुळे हे नाटक लोकप्रिय झाले, परंतु त्याच्या यशाचे एक कारण रचनेतही आहे. खाँसाहेब आपले गाणे राखतो, सदाशिव ते चोरून मिळवू पाहतो. राखण्याजोगा ध्वनी हाच नाटकाचा विषय झाल्यामुळे भाषण आणि गायन यांच्यामध्ये भांडण उरले नाही. भाषणाने संघर्ष मांडावा आणि गायनाने ज्यासाठी संघर्ष आहे ती वस्तू प्रत्यक्ष समोर ठेवावी, अशी कामाची वाटणी येथे झाली.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, संगीत आणि भाषण यांना वेगळे करणारी रेषा ध्वनीच्या गुणांत काही अंशी आणि ध्वनीशी असलेल्या आपल्या व्यवहारात बऱ्याच अंशी आहे. भाषणात आपण ध्वनीतून पलीकडे जातो, गायनात त्याच्यापाशी थांबतो. भावना ही एकट्या गायनाची मिरासदारी नाही, हे भरताच्या पाठ्यविवेचनावरून स्पष्ट होते. शब्दार्थही एकट्या भाषणाच्या मालकीचा नाही, हे ‘शारदा’वरून दिसते.

या निष्कर्षाचा संबंध साहित्याच्या अध्यापनाशी येतो. आज संगीत नाटक पदवी आणि पदव्युत्तर वर्गांत बहुधा छापील संहिता म्हणून शिकविले जाते. विद्यार्थी गद्य संवाद वाचतात आणि पदे ओलांडून पुढे जातात, किंवा पदांची कविता म्हणून परीक्षा करून त्यांना नापास करतात. संगीताचा अभ्यासक त्याच पदांकडे कथानकापासून तोडलेल्या बंदिशी म्हणून पाहतो. एका वस्तूचे दोन तुकडे दोन विभागांत वाटले गेले आहेत. डॉ. अशोक रानडे यांच्यासारख्या अभ्यासकाने रंगसंगीत आणि आवाजसाधना यांचा विचार एकत्र करून वाट दाखविली, पण साहित्याच्या वर्गखोलीत ती अद्याप पुरेशी रुळलेली नाही.

त्यासाठी फार मोठी साधनसामग्री लागत नाही. पद प्रथम वाचावे, मग त्याचे उपलब्ध ध्वनिमुद्रण ऐकावे आणि त्यानंतर त्याच्या आधीचे आणि नंतरचे गद्य वर्गात मोठ्याने म्हणावे. कोणत्या शब्दावर अर्थ संपला, कोणत्या शब्दावर सूर थांबला आणि त्या दोहोंमध्ये किती अंतर पडले, एवढेच विद्यार्थ्यांनी टिपून घ्यावे. ते अंतर मोजता आले म्हणजे संगीत नाटकाची समीक्षा सुरू होईल. जोवर ते मोजले जात नाही तोवर मराठी रंगभूमीच्या एका मोठ्या कालखंडाविषयीचे आपले मत हे ऐकून बनलेले नसून केवळ वाचून बनलेले असेल.